क्रम लावा

फळ्याच्या जागी आता पडदा आहे,
खडूची भुकटी झटकायची सवय
अजून माझ्या पदराला.
सलाटवाड्यातली आमची शाळा, मराठी माध्यम, सातवी,
पटावर एकोणीस, आज सतरा.
टॅब पाच. त्यातला एक वायर लावल्याशिवाय चालत नाही,
म्हणून भिंतीशी टेकून बसलेला, ताप आलेल्या मुलासारखा.

मी सात पट्ट्या टाकल्या पडद्यावर:
पाऊस. आजव्याची दारं. प्लास्टिक.
नदीकाठच्या इमारती. महापालिका. आपण. मगर.
वर लिहिलं,
गेल्या श्रावणात विश्वामित्री घरात शिरली. क्रम लावा.
बोटाने सरकवा,
आणि प्रत्येक पट्टीखाली एक ओळ: का?

मगर मी गंमत म्हणून टाकली होती.

मग जो गलका झाला, तो
शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या.
हेतल मोहितेने पाऊस सगळ्यांत वर ठेवला.
ओजस फाळके तो खाली ओढतो:
पाऊस दरसाल पडतो, पूर दरसाल येतो का?
हेतल गप्प. बोट पट्टीवर तसंच.
मग तिनेच पाऊस तिसरा केला,
हरल्यासारखा नाही,
कपाट हलवून पाहावं आणि खोली मोठी वाटावी, तसा.

‘आपण’ कुणालाच नको होते.
चार गटांत ते तळाशी,
मगरीच्याही खाली.

भिंतीशी जिगर शितोळे एकटाच,
त्याच्या गटातले दोघेही आज गैरहजर.
त्याने मगर पहिली लावली.
वर्ग हसला. मीही, थोडी.
पट्टीखाली त्याने लिहिलं होतं, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता:
ती आधीपासुन इथे रहाते. मग इमारती आल्या. मग महापालीका. मग आपण.
आमच्या ओट्यावर आली तेव्हा ती चुकलेली होती,
चोरी करायला नव्हती आली.

अरे, पण मी विचारलं होतं जबाबदार कोण,
असं म्हणत मी पडद्याकडे वळले.
नव्हतं विचारलं.
नुसतंच लिहिलं होतं, क्रम लावा.
कशाने, ते लिहायचं राहिलं होतं.

बावीस वर्षं मी क्रम लावते आहे.
निकालपत्रकाचा शेवटचा रकाना, लाल शाई,
पहिला, चौथा, अकरावा.
जिगर सतरावा, एकदा अठरावा.
कशाने, असं त्याने कधी विचारलं नाही.
त्याची आई तर सही करते फक्त,
गुजरातीत, सावकाश,
शेवटच्या अक्षरानंतर एक टिंब देऊन.

तेवढ्यात यंत्राने पाचही गटांची सरासरी काढली
आणि वर मथळा दिला: वर्गाचा क्रम.
ओजस उभा राहिला.
बाई, हा तर आमच्यापैकी कुणाचाच नाही.
खरंच नव्हता. इमारती, दारं, महापालिका,
सगळं नीट, एकाखाली एक,
आणि सतरा जणांतला एकही त्यात सापडेना.

मी वाक्य पुरं केलं: जबाबदारीप्रमाणे.
खाली दुसरं: आधी कोण आलं, त्याप्रमाणे.
हेतल म्हणाली, बाई, तिसरं पण लिहा,
कुणाचं जास्त गेलं, त्याप्रमाणे.
तिच्या घरी शिलाईयंत्र गेलं होतं, दोन्ही पंखे,
आणि दादाची दहावीची मार्कशीट.
पट्ट्या पुन्हा हलू लागल्या.
पाऊस वर, पाऊस खाली,
‘आपण’ तळातून सुटून निघाले, पाचवे, चौथे,
आणि नेट गेलं.
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध
आपण
तिरके लटकलेले.

मधल्या सुट्टीची घंटा झाली.
निम्मे डबे उघडलेसुद्धा, ठेपल्यांचा वास, लसणाची चटणी.
जिगर वायर गुंडाळत जवळ आला.
बाई, मगरीला क्रम लावायला सांगितला,
तर ती आपल्याला कितवं लावेल?

मला उत्तर येत नव्हतं.
म्हटलं, जा, आधी डबा खा.